सेवा आहे, म्हणून तपासायची नाही?

हॉस्पिसचा दर्जा तपासू नये असं म्हणणारी माणसं सहसा भली असतात. संस्थेचे विश्वस्त असतात, वर्षानुवर्षं देणगी देणारे असतात, आपल्या माणसाचे शेवटचे दिवस तिथे नीट गेले म्हणून दर दिवाळीला वॉर्डात फराळ पोचवणारी कुटुंबं असतात. त्यांच्या युक्तिवादाला साधारण चार पदर आहेत. एक, ही सेवा आहे आणि सेवेला गुण देणं हा ती करणाऱ्याचा अपमान आहे. दोन, इथे येणारा रोगी बरा होणारच नसतो, तेव्हा यश कशावरून ठरवणार? तीन, मायेच्या कामात तक्ते आणि रकाने घुसले की माया जाते, रकाने उरतात. चार, मुळात अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्यामागे तपासणीचा ससेमिरा लावला तर आहेत त्याही बंद पडतील.

या प्रत्येक मुद्द्यात थोडंफार तथ्य आहे. तरी चारही मुद्दे शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोचतात: संस्थेला विचारायचं नाही आणि खाटेवरच्या माणसाने सोसायचं. माझी हरकत त्याला आहे.

पहिला मुद्दा अपमानाचा. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं आणि आधुनिक हॉस्पिस तिथून सुरू झालं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. त्याआधीची वर्षं मात्र क्वचितच कुणी सांगतं. साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. मरणाऱ्यांच्या वेदनेसाठी काही करायचं तर डॉक्टरच व्हावं लागेल, हे पटल्यावर तिशी उलटून गेली असताना त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. १९५८ पासून लंडनच्याच सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी काम केलं. तिथल्या नन्स रोग्यांचं मनापासून करत होत्याच. साँडर्स यांनी त्यात नोंदींची भर घातली. हजाराहून जास्त रोग्यांचे कागद त्यांनी स्वतः ठेवले: कुणाला किती दुखतं, मॉर्फिन किती दिलं, किती वाजता दिलं, पुढे काय झालं. दुखणं असह्य होईपर्यंत थांबून सुई टोचण्यापेक्षा ते परत उसळण्याआधीच ठरल्या वेळी औषध दिलं, तर रोगी शुद्धीवर राहतो, बोलतो, जेवतो आणि व्यसनीही होत नाही, हे त्यांनी या नोंदींच्या आधारे डॉक्टरांना दाखवून दिलं. साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. सेवा म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी त्यांनी मोजलं, आणि मोजलं म्हणूनच जगभरच्या डॉक्टरांना त्यांचं म्हणणं ऐकावं लागलं.

आपल्याकडेही हेच दिसतं. देशातलं पहिलं हॉस्पिस, मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलं. पुढे ते गोव्यात आणि दिल्लीतही गेलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी रोग्याकडून पैसे घेत नाहीत. केरळमध्ये ज्यांनी हे काम घराघरांत नेलं, त्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय संस्थांसाठी किमान निकषांची यादीच तयार केली, देशातल्या संस्थांनी त्यावर स्वतःला तपासून पाहिलं आणि हे सगळं २०१४ मध्ये छापूनही आलं. ज्यांनी हे क्षेत्र उभं केलं त्यांना तपासणीत अपमान वाटला नाही. तो त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांना वाटतो.

आता दुसरा मुद्दा. सगळेच रोगी जाणार, मग यश कसलं? हा प्रश्न विचारणाऱ्याने हाडांत कॅन्सर पसरलेल्या माणसाची एकही रात्र जवळून पाहिलेली नसावी. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ती दर चार तासांनी द्यायची आणि मध्यरात्री उठवायला नको म्हणून झोपताना दुप्पट द्यायची. मध्येच कळ आली तर काय, तोही जादा डोस केस पेपरवर आधीच लिहिलेला हवा. डॉक्टर फोन उचलेपर्यंत रोग्याने दात-ओठ खात पडून राहायचं, हे चालणार नाही. मॉर्फिनने बहुतेकांना बद्धकोष्ठ होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत जुलाबाचं औषध. ते लिहायचं राहिलं की आठवड्याभरात पोट दगडासारखं होतं, रोगी मूळ दुखण्यापेक्षा पोटानेच हैराण होतो आणि घरचे म्हणू लागतात, ते मॉर्फिन आधी बंद करा. यातलं काय मोजता येत नाही? कुठल्याही दहा रोग्यांचे कागद काढावेत. मॉर्फिनच्या खालच्या ओळीत जुलाबाचं औषध किती जणांना लिहिलंय, जादा डोस किती जणांना लिहिलाय, हे अर्ध्या तासात कळतं.

हीच गोष्ट पाठीच्या जखमांची. दाखल होताना माकडहाडाशी कातडी धड होती की नव्हती, कुशीवर किती वेळाने वळवलं, नवी जखम कधी दिसली, हे लिहिता येतं. जिभेवर बुरशीचा पांढरा थर धरला असेल तर रोगी जेवत नाही, आणि आपण म्हणतो त्याची वासनाच उडाली. तोंड रोज कुणी पाहतं का, हेही विचारता येतं. शेवटच्या दिवसांत घशात घरघर लागते. रोग्याला बहुधा तिचं भान नसतं, पण उशाशी बसलेल्या मुलीला वाटतं की बाप गुदमरतोय. असं होणार आहे, ते दिसायला भयंकर असलं तरी त्यांना तसा त्रास होत नाहीये, हे तिला कुणी आधी सांगितलं होतं का? सलाइन आता का नको, हे ‘तुम्ही त्यांना उपाशी मारणार का’ असं तिने विचारायच्या आत कुणी समजावलं होतं का? माणूस वाचला की नाही याच्याशी यातल्या एकाही प्रश्नाचा संबंध नाही. हॉस्पिसचं यशापयश मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

यावर विश्वस्तांकडे एक हुकमाचा पत्ता असतो: आभाराच्या पत्रांची फाइल. ती खोटी नसते. पण ती पुरावा म्हणून चालत नाही, कारण ज्याच्यावर उपचार झाले तो साक्ष द्यायला उरलेला नाही. उरलेत ते नातेवाईक, आणि त्यांची मनःस्थिती काय असते ते पाहा. मोठ्या रुग्णालयाने ‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या, सेवा करा’ असं सांगून त्यांना फाइलसह दाराबाहेर काढलेलं असतं. त्यानंतर जो कुणी दार उघडतो तो त्यांना देवमाणूसच वाटणार. तुलना करायला दुसरा अनुभव नसतो. शिवाय आपण आईला शेवटी घरी ठेवलं नाही, ही टोचणी असतेच. तिथे तिचे हाल झाले असं मान्य केलं तर ती टोचणी दुप्पट होते. अशा माणसाने लिहिलेल्या चार ओळी आपण दर्जाचं प्रमाणपत्र म्हणून फ्रेम करून लावतो.

विश्वासाने डोळे झाकले की काय होतं, याचा धडा इंग्लंडमध्ये गोस्पोर्ट वॉर मेमोरियल हॉस्पिटलने दिला. ते हॉस्पिस नव्हतं, वृद्धांचे वॉर्ड असलेलं गावातलं छोटं रुग्णालय होतं. तिथे वैद्यकीय कारण नसताना अफूवर्गीय औषधांचे डोस दिले जातायत, ही शंका परिचारिकांनी १९९१ मध्येच बोलून दाखवली. त्यांना गप्प बसवलं गेलं. चौकशीचा अहवाल आला २०१८ मध्ये; त्यात ४५६ जणांचं आयुष्य अशा औषधांमुळे कमी झाल्याचा निष्कर्ष निघाला. मॉर्फिन न देणारी संस्था जितकी वाईट तितकीच ते बेहिशेबी देणारीही वाईट. दोघींना पकडायचा मार्ग एकच: डोस, वेळ, कारण आणि सही यांची नोंद, आणि ती नोंद बाहेरच्या कुणीतरी वाचणं.

अमेरिकेत मृत्यूनंतर काही महिन्यांनी कुटुंबाला प्रश्नावली पाठवतात. ‘तुम्ही समाधानी आहात का’ एवढ्यावर ती थांबत नाही. संध्याकाळी, रात्री, सुटीच्या दिवशी मदत मागितली तेव्हा मिळाली का? दुखण्याचं औषध कधी आणि किती द्यायचं हे तुम्हाला शिकवलं का? अशा प्रश्नांना कृतज्ञ माणूसही सरळ उत्तर देतो, कारण त्याला कुणाबद्दल वाईट बोलायला सांगितलेलं नसतं. त्या देशाचं सगळंच अनुकरणीय आहे असं मुळीच नाही. १९८२ च्या कायद्याने तिथे हॉस्पिसचा खर्च मेडिकेअर ही सरकारी विमा योजना उचलू लागली. घरी राहणाऱ्या रोग्यामागे दिवसाला ठरलेली रक्कम मिळते, त्या दिवशी नर्स घरी गेली असो वा नसो. मग मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आलेच. बहुसंख्य हॉस्पिस आज नफ्यासाठी चालतात. २०१२ ते २०१६ या काळात तपासलेल्या हॉस्पिसपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी किमान एक त्रुटी सापडली, असा सरकारी महानिरीक्षकांचा अहवाल २०१९ मध्ये आला. तिकडे मुलाकडे राहायला गेलेल्या आपल्या आईवडिलांनाही हाच बाजार गाठतो, तेव्हा हा प्रश्न फक्त परक्यांचा राहत नाही. ही लबाडी तपासणीमुळे झाली नाही. ती उघड मात्र तपासणीमुळे झाली.

‘पण ते धंदेवाईक, आमच्याकडे फुकट आहे. धर्माची गाय आणि दात काय गं नाय?’ ही म्हण फुकट मिळालेल्या गाईत खोड काढणाऱ्याला चपराक म्हणून वापरतात. इथे तिचा वापर करणाऱ्याला मी विचारेन, गाय कुणाची? देणगीदाराने पैसे दिले ते रोग्याला आराम पडावा म्हणून. रोग्याने दिलं आहे ते त्याहून मोठं आहे: परत न मिळणारे शेवटचे आठवडे. हा व्यवहार फुकटात होत नाही. उलट पैसे देणारा गिऱ्हाईक भांडू तरी शकतो. फुकट खाटेवरच्या माणसाची तेवढीही सोय नसते, म्हणून तपासणीची गरज तिथे कमी नाही, जास्त आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. हॉस्पिसमधली चांगली पद्धत साध्या रुग्णालयांच्या वॉर्डांत पोचावी म्हणून इंग्लंडमध्ये ‘लिव्हरपूल केअर पाथवे’ नावाची कार्यपद्धती तयार झाली. हेतू उत्तम होता. पण ती अप्रशिक्षित हातांत गेली आणि खुणा करण्याचा कागद झाली. कुठे कुटुंबाला न सांगता रोग्याला त्या मार्गावर टाकलं गेलं, कुठे पाणी मागणाऱ्याला पाणी मिळालं नाही, आणि किती रोगी या पद्धतीखाली आणले यावर रुग्णालयांना पैसेही मिळत होते. बॅरोनेस ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीने २०१३ मध्ये ती बंद करायला सांगितलं.

तक्त्यांचे विरोधक इथे टाळ्या वाजवतात. त्यांनी तो अहवाल पुढे वाचावा. ही पद्धत जाणकारांनी नीट वापरली तिथे माणसं शांतपणे गेली, असंही त्यात आहे. आणि समितीने सुचवलेला उपाय ‘नोंदी सोडा आणि मायेवर विसंबा’ असा नव्हता. प्रत्येक रोग्याची स्वतंत्र योजना असावी, तिची जबाबदारी एका वरिष्ठ डॉक्टरच्या नावावर असावी, कुटुंबाशी काय बोलणं झालं ते लिहिलेलं असावं, असा होता. कागद भरल्याचा मोबदला दिला की कागद भरला जातो, एवढाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे. तेव्हा कागद भरला का, हे पाहायचंच नाही. कागदावर जे लिहिलंय ते खाटेवर घडलं का, हे पाहायचं.

हे मी पुस्तकी बोलत नाही. माझी मावशी शेवटी अशाच एका संस्थेत होती. बाग सुरेख, पहाटे भूपाळी, सगळ्यांचं बोलणं गोड. ती गेल्यावर फाइल हातात आली. त्यात वेदनेचा तक्ता असतो: दर चार तासांनी आकडा लिहायचा, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. शेवटच्या सगळ्या रात्रींच्या रकान्यांत ‘२’ होता. दहाला २, दोनला २, पहाटे सहाला २. एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाचे, पुस्ती काढावी तसे ओळीने. त्यातल्या एका रात्री मी तिथे बसले होते. मावशी उशीचा कोपरा दातांत धरून होती. जादा डोस लिहिलेला नव्हता आणि ड्युटीवरच्या मुलीला तो आपल्या अखत्यारीत देता येत नव्हता. ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती, डॉक्टर उचलत नव्हते. त्या मुलीचा मला राग नाही. संपूर्ण मजल्याला रात्री ती एकटीच होती. रागवायचं तर ज्यांनी तक्ता छापून घेतला आणि तो कधी वाचला नाही त्यांच्यावर. ओळीने आलेले ते आकडे पाहून पाच मिनिटांत कुणालाही संशय यायला हवा होता. पण तिथे येणारा प्रत्येक पाहुणा बाग पाहून जात होता.

राहिला चौथा मुद्दा, संस्थांच्या तुटवड्याचा. तुटवडा खरा आहे, आणि त्याचं मोठं कारण तपासणी नसून मॉर्फिनची अडचण आहे. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते. तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली: मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता मॉर्फिन ठेवता येतं, साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि जबाबदार डॉक्टर नेमावा लागतो. म्हणून कुठल्याही हॉस्पिसला पहिला प्रश्न हाच: मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे आहेत का, आणि गेल्या वर्षात त्या कधी संपल्या होत्या का? ‘आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही’ हे उत्तर आलं तर तिथून निघावं.

आणि तुटवड्याची ही सबब आता फार दिवस पुरणारीही नाही. पुण्या-मुंबईत घरी येऊन शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या सशुल्क सेवा वाढतायत. ब्युरोकडून मावशी पाठवायची, आठवड्यातून एकदा नर्स, फोनवर डॉक्टर, आणि महिन्याचं पॅकेज. यातल्या काही उत्तम आहेत, काहींनी नुसती पाटी बदलली आहे. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे म्हणून आतल्या माणसाचं दुखणं आटोक्यात आहे, असा अर्थ होत नाही. घरपोच सेवेच्या बाबतीत तर भिंतही आपलीच. चांगल्याला वाईटापासून वेगळं करायची रीत आपण आजच बसवली नाही, तर या बाजारात सर्वांत जास्त मार खातील त्या प्रामाणिक धर्मादाय संस्थाच.

काय विचारायचं ते अवघड नाही. रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं, आणि फोन केल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत किती वेळ लागतो? रात्रपाळीला किती रोग्यांमागे किती परिचारिका? डॉक्टरने पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण कुठे घेतलं? जादा डोस आधी लिहून ठेवता का? दाखल झाल्यावर जखम झालेले रोगी गेल्या वर्षात किती? घरी मृत्यू झाला तर पहाटे चारला दाखला कोण देणार? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण आजारपणात ज्याने रोग्याला पाहिलंच नाही असा डॉक्टर मृत्यूचं कारण लिहून देत नाही, आणि मग घरात प्रेत ठेवून मुलगा स्कूटरवर डॉक्टर शोधत फिरतो.

मात्र हे प्रश्न विचारायचं ओझं त्या मुलावर टाकून आपण मोकळं होऊ नये. त्याला दोन दिवसांत खाट मिळवायची असते; तो विचारणार नाही आणि त्याने विचारावं अशी अपेक्षाही क्रूर आहे. विचारायचं ते ‘घरी न्या’ म्हणून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी: आपण रोगी कुठे पाठवतो आणि तिथे त्याचं काय होतं, हे वर्षातून एकदा तरी जाऊन पाहावं. विचारायचं ते देणगीदारांनी: चेकवर सही करण्याआधी बाग नको, रात्रीची वही दाखवा म्हणावं. आणि उत्तर द्यायचं ते विश्वस्तांनी, कुणी विचारायची वाट न पाहता. धर्मादाय संस्थांच्या वार्षिक अहवालांत देणगीदारांच्या नावांना पानंच्या पानं मिळतात. त्यातलं एक पान रोग्यांना द्यावं: रात्रीचे फोन किती आले, किती वेळात उत्तर मिळालं, मॉर्फिन किती दिवस संपलं होतं, नव्या जखमा किती झाल्या, मृत्यूनंतर किती कुटुंबांशी बोललो आणि त्यांनी काय तक्रार केली. आकडे वाईट आले तरी छापावेत. असं पान छापणाऱ्या संस्थेला मी डोळे मिटून देणगी देईन. न छापणारीला आधी कारण विचारेन.